उन्हाळ्यातील उमेदवारी

वैशाखाच्या उन्हात मुंबईतील जाहिरात संस्थांमध्ये पावसाळ्याची कामे चालू असतात. छत्र्या, वह्या-दप्तरे, भिंतींचे रंग, गच्चीची गळती थांबविणारी रसायने या साऱ्यांच्या जाहिराती मृगापूर्वी सिद्ध व्हावयाच्या असल्यामुळे, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना आत बसलेली मंडळी पागोळ्यांच्या चित्रावर वाद घालीत असतात; आणि नेमक्या याच घाईच्या दिवसांत, परीक्षा आटोपून, महाविद्यालयाचे पत्र हाती घेऊन, उपयोजित कला आणि माध्यमविद्या शिकणारी मुले-मुली तेथे दोन महिन्यांच्या उमेदवारीवर रुजू होतात. हल्ली त्यांना ‘इंटर्न’ म्हणतात. या व्यवसायाच्या कॉपी, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या, विभागात माझे आयुष्य गेल्यामुळे या मुलांना येताना आणि जाताना पाहण्याचा योग मला वारंवार आला आहे, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, या दोन महिन्यांत ती जे काही शिकतात ते त्यांना कोणी हेतुपुरस्सर शिकविलेले क्वचितच असते. काम करणाऱ्याच्या शेजारी बसावयास मिळाले तर ते आपोआप मिळते, आणि न मिळाले तर उत्तमोत्तम व्याख्यानांनीही मिळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या शिक्षणपद्धतीने बाणविलेला एक संस्कार तेथे मोडावा लागतो. पंधरा-सोळा वर्षे ज्याने उत्तरपत्रिकेवर आपला एकट्याचा आसनक्रमांक लिहिला, त्याला अशा जागी येऊन पडल्यावर प्रथम हेच उमगत नाही की येथे कोणते काम कोणाचे. क्लायंटचे म्हणणे त्याच्याशी संपर्क ठेवणारा सर्व्हिसिंगवाला ब्रीफच्या, म्हणजे कामाच्या टिपणाच्या, रूपाने आणतो, लेखक आणि चित्रकार जोडीने त्यावर बसतात, शीर्षक पुष्कळदा चित्रकाराला सुचते आणि चित्राची कल्पना लेखकाला, तिसराच कोणी जाता जाता एक हरकत घेतो आणि तिच्यामुळे सारे उलटते. एअर इंडियाचा महाराजा 1946 साली अवतरला तो बॉबी कूका या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेतील उमेश राव या चित्रकाराच्या संगनमतातून. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी 1966 पासून फलकांवर झळकू लागली तिच्यामागेही सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस अशी जोडीच होती. यांतील अर्धा वाटा कोणाचा हा प्रश्न त्या जोड्यांना पडला असेल असे मला वाटत नाही. नवशिक्या उमेदवाराला मात्र तो पहिल्या आठवड्यात रोज पडतो, आणि तो पडेनासा झाला की त्याचे खरे शिक्षण सुरू झाले असे समजावे.

यापुढचा भाग अधिक कठीण, आणि माझ्या मते या उमेदवारीचे सर्वस्व तोच आहे. तो म्हणजे नामंजुरी. एका छोट्याशा जाहिरातीसाठी पानेच्या पाने शीर्षके लिहावयाची, ती वरिष्ठांपुढे ठेवावयाची, आणि त्यांनी पेन्सिलीने एकामागून एक रेघ मारीत जावे हे उभे राहून पाहावयाचे, हा प्रसंग कोवळ्या मनाला जिव्हारी लागतो यात नवल नाही. पण त्याच खोलीत पुरेसा काळ बसलेल्या उमेदवाराच्या ध्यानात दोन गोष्टी येतात. एक ही की, वरिष्ठांच्या स्वतःच्या खर्ड्यावरही तितक्याच रेघा ओढल्या जातात, आणि त्यांतील काही त्यांनी स्वतःच ओढलेल्या असतात. दुसरी ही की, रद्द झालेली शीर्षके बहुधा वाईट नसतात. ती चतुर असतात, प्रासयुक्त असतात, एखादे तर फारच सुंदर असते, परंतु ज्या गृहिणीला किंवा ज्या शेतकऱ्याला उद्देशून ती जाहिरात आहे त्याच्याशी ते बोलत नसते, लिहिणाऱ्याच्या मित्रमंडळाशी बोलत असते. हा भेद कोणत्याही क्रमिक पुस्तकात लिहिता येईल आणि कोणताही विद्यार्थी तो पाठ करील. पण आपले आवडते वाक्य आपल्या हाताने खोडण्याची तयारी मात्र, दुसऱ्याला शांतपणे तसे करताना पाहिल्यावाचून, येत नाही. चिडून खोडणारे वरिष्ठही असतात, आणि त्यांच्यापासून उमेदवार फक्त चिडणे शिकतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मंजुरी मिळाल्यावर काम संपले असे ज्याला वाटते त्याने एकदा स्टुडिओत जाऊन बसावे. जाहिरातीची रचना बहुधा इंग्रजी मजकुरावर बेतलेली असते. तीच चौकट मराठीसाठी वापरली की दोन ओळींमधले अंतर अपुरे पडते, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, फॉन्ट बदलताना जोडाक्षर फुटून त्याचे दोन तुकडे होतात, आणि हे सर्व मराठी न वाचणाऱ्या पाच-सहा माणसांच्या डोळ्यांखालून निर्वेधपणे पार पडून थेट महामार्गावरच्या फलकावर जाऊन बसते. लातूरकडून आलेल्या एका मुलीने, तिला कोणी विचारले नसताना, छपाईस जावयाच्या आर्टवर्कमधील असा एक फुटलेला शब्द दाखवून दिला होता. तिला स्टुडिओच्या दाराजवळची खुर्ची मिळाली होती, हा त्यातील योगायोगाचा भाग. आणि अशा मुली मुंबईत दोन महिने राहू कशा शकतात, हा योगायोगाबाहेरचा प्रश्न.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे पाहू. शेजारी बसून शिकण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी जे धडे घेतले ते कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नव्हते. पडदे रंगविणे, कॅमेऱ्याची देखभाल, नेपथ्य, अभिनय, पडेल ते काम, अशा सरमिसळीतून ती माणसे घडली आणि 1929 मध्ये त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. 1933 मध्ये पुण्यास आलेल्या त्याच प्रभातमध्ये पुढे 1944 साली गुरुदत्त नावाचा एक तरुण तीन वर्षांच्या करारावर दाखल झाला, आणि 1960 पासून त्याच आवारात चित्रपटविद्येचे सरकारी विद्यालय आहे. अर्थात जुन्या उमेदवारीचे गोडवे गाण्याचा माझा मानस नाही. पोटाला चिमटा घेऊन वर्षानुवर्षे मालकाच्या पायाशी बसण्यात कित्येकांची तारुण्ये वाया गेली, आणि ज्यांची गेली त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आजच्या उमेदवाराची अडचण निराळी आहे. त्याला पायाशी बसावयासही कोणी नसते. पुष्कळ ठिकाणी तो आपल्या घरीच बसून पडद्यावर आलेले काम करतो आणि पाठवून देतो. ते स्वीकारले गेले की टाकले गेले, टाकले तर का, हे त्याला कळत नाही. ज्या कष्टाच्या कामांतून हात बसत असे, म्हणजे चित्रामागची पार्श्वभूमी कापणे किंवा एका शीर्षकाची पन्नास रूपे करणे, ती कामे आता यंत्र क्षणार्धात उरकते, आणि उमेदवारास सांगण्यात येते की त्यांतून चांगले ते निवड. ज्याने अद्याप स्वतःचे एकही वाक्य खोडलेले नाही त्याने यंत्राच्या पन्नास वाक्यांतून निवड कशाच्या आधारावर करावी? यंत्र वापरू नये असे माझे म्हणणे नाही. ते वापरताना वरिष्ठाने उमेदवाराला शेजारी बसवून, हे का नको ते मोठ्याने बोलावे, एवढीच माझी मागणी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

पैसे लागतात ते दुसऱ्या गोष्टीला, म्हणजे उमेदवाराच्या राहण्या-जेवणाला. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येणाऱ्यास विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. राज्य शासनाच्या 2024 मधील युवा कार्य प्रशिक्षण योजनेने बारावी उत्तीर्णास दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये ठरविले. त्याच वर्षी केंद्राच्या इंटर्नशिप योजनेने दरमहा 5,000 रुपयांची तजवीज केली. परंतु या दोन्ही योजनांच्या तेव्हाच्या अटी पाहिल्या तर ज्यांचे पूर्णवेळ शिक्षण चालू आहे त्यांना त्या लागू नव्हत्या, आणि उन्हाळ्यात महाविद्यालयाचे पत्र घेऊन येणारी मुले नेमकी तीच. नव्या शैक्षणिक धोरणाने अशा प्रशिक्षणाला श्रेयांक जोडल्यामुळे ते आता ऐच्छिकही राहिलेले नाही. सक्तीचे करावयाचे आणि मोबदला मात्र संस्थेच्या मर्जीवर सोडावयाचा, हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही. ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटावर विनावेतन राबलेल्या दोघा उमेदवारांनी 2011 साली न्यूयॉर्कमध्ये निर्मात्या कंपनीविरुद्ध दावा लावला तेव्हा वरिष्ठ न्यायालयाने 2015 मध्ये, या उमेदवारीचा मुख्य लाभ कोणाला झाला, अशी कसोटी पुढे केली. आपल्याकडील संस्था यावर चटकन उत्तर देतील की लाभ मुलांचाच, आम्ही त्यांना शिकवितो. मुले तेथे शिकतात हे मी वर मान्य केलेच आहे. परंतु लातूर, सांगली वा सावंतवाडीच्या मुलाला दादर-परळच्या आसपास खाट मिळवून दोन वेळा जेवावयाचे असते. ते ज्याच्या वडिलांना झेपत नाही तो अर्जच करीत नाही, आणि मग मराठी मुलुखाशी बोलणाऱ्या जाहिराती ज्यांचे मुंबईत घर आहे त्यांच्याच मुलांकडून लिहिल्या जातात. फुटलेले जोडाक्षर मग फलकावरच दिसते.

महाविद्यालयांच्या हाती एक गोष्ट आहे. पत्र देण्यापूर्वी त्यांनी त्या संस्थेकडून दोन बाबी लेखी मागाव्यात: विद्यार्थी रोज कोणाच्या शेजारी बसेल त्या इसमाचे नाव, आणि दरमहा किती रक्कम मिळेल तो आकडा. ज्या संस्थेला हे लिहून देणे जमत नाही तिच्याकडे मुले पाठवू नयेत, मग तिचे नाव कितीही मोठे असो. दोन महिन्यांअंती ‘समाधानकारक’ असा शेरा मारलेला जो दाखला हल्ली दिला जातो, त्याऐवजी विद्यार्थ्याने केलेली आणि रद्द झालेली कामे कारणांसह जोडावयास लावली, तर परीक्षकांनाही श्रेयांक कशाचे द्यावयाचे ते कळेल; आणि संस्थेतल्या कोणाला तरी ती कारणे लिहिण्यासाठी त्या मुलाशेजारी बसावे लागेल.