डिव्हिलियर्स म्हणजे आपला वाडीकर

परवा कॅन्टीनमध्ये जुन्या मॅचेसवरून गप्पा चालल्या होत्या आणि गाडी एबी डिव्हिलियर्सवर आली. (ती येतेच.) टीममधला एक जण म्हणाला, "अरे, त्याचं रक्तच वेगळं. आडनाव बघ ना, पुढे 'डी' आहे. फ्रेंच सरदार घराणं!" पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर एक साइट दाखवली. आडनाव टाकलं की ढाल-सिंहवालं राजचिन्ह समोर येतं. पैसे भरले तर तेच मगवर छापून घरपोच.

माझं डोकं सटकलं. चहा संपेपर्यंत वाद घातला, समाधान झालं नाही, म्हणून आता इथे.

पहिला मुद्दा त्या 'डी'चा. फ्रेंचमध्ये 'द' म्हणजे नुसतं 'चा', अमुक गावचा. सरदार लावायचे तसा गावचा सुतारही लावायचा. आणि 'व्हिलिए' आलं लॅटिन 'व्हिलारे'वरून, म्हणजे मोठ्या जमीनदारीला लागून असलेली वस्ती. थोडक्यात वाडी. म्हणजे द व्हिलिए = वाडीकर! आता फ्रान्समध्ये व्हिलिए नावाची गावं ढिगाने आहेत. एकट्या पॅरिसच्या आसपासच व्हिलिए-ल-बेल आहे, व्हिलिए-स्युर-मार्न आहे. दोन वाडीकर भेटले म्हणजे ते चुलतभाऊ होतात का? राजचिन्हं मिळायची ती विशिष्ट माणसाला, त्याच्या घराण्याला. आडनावाला नव्हे. त्या मगवर जे छापून येतं ते कुठल्यातरी तिसऱ्याच वाडीकराचं असतं.

एक गंमत सांगतो. १६२७ साली इंग्लंडचा ड्यूक ऑफ बकिंगहॅम आरमार घेऊन फ्रान्सच्या ला रोशेल बंदरासमोरच्या रे बेटावर उतरला. तिथल्या प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनॉटांना, मदत करायला. सपाटून मार खाऊन परत गेला. त्याचं नाव जॉर्ज व्हिलियर्स. पुढे साठेक वर्षांनी त्याच ला रोशेलच्या परिसरातले तीन ह्युगेनॉट भाऊ देश सोडून पळाले. त्यांचं आडनाव द व्हिलिए. गाव तेच, धर्माचं भांडण तेच, आडनाव तेच. पण एक राजाचा लाडका उमराव आणि दुसरे द्राक्षमळ्यात राबणारे निर्वासित. आडनाव ही प्रायमरी की नाही हो, डुप्लिकेट व्हॅल्यूंनी भरलेला साधा टेक्स्ट कॉलम आहे.

या तीन भावांची गोष्ट मात्र खरी वाचण्यासारखी आहे. १५९८च्या नांतच्या फर्मानाने ह्युगेनॉटांना संरक्षण मिळालं होतं. चौदाव्या लुईने ते १६८५ मध्ये रद्द केलं. प्रार्थनाघरं पाडली, पाद्र्यांना हाकललं आणि बाकीच्यांना देश सोडायलाच बंदी केली. पळताना पुरुष सापडला तर जन्मभर गलबतावर वल्हं मारायची शिक्षा. तरीही सुमारे दोन लाख लोक निसटले. त्यातले दोनशेच्या आत-बाहेर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेच्या टोकाला, केपला पोचले. प्येर, अब्राहम आणि झाक हे तिघे भाऊ 'झायन' जहाजातून मे १६८९ मध्ये उतरले. कंपनीची शिफारस अशी की यांना द्राक्षाची शेती कळते. आजच्या भाषेत, स्किल्ड वर्कर व्हिसा!

जमीन मिळाली ती आज फ्रान्सहूक, म्हणजे 'फ्रेंचांचा कोपरा', म्हणतात त्या खोऱ्यात. पण कंपनीला वेगळी फ्रेंच वस्ती नकोच होती. मुद्दाम डच शेजाऱ्यांत मिसळून वसवलं, शाळा डच. दोन-तीन पिढ्यांत भाषा संपली. आडनावं कारकुनाच्या कानावर आणि हातावर राहिली. व्हिलियोंचं फिल्युन झालं, पिनारचं पिनार्द न होता चक्क पीनार, क्रोनिएचं क्रोनिए राहिलं पण स्पेलिंग बदललं (हो, आपला हॅन्सी). डिव्हिलियर्सचं स्पेलिंग वाचलं, पण आफ्रिकान्समध्ये 'व्ही'चा 'फ' होतो, म्हणून उच्चार 'द फिल्ये'सारखा. ज्या 'शुद्ध फ्रेंच' नावाचं आपण कौतुक करतोय ते खुद्द फ्रेंच माणसाला पटकन कळणार नाही.

आता रक्ताकडे येऊ. याच आडनावाच्या क्रिस्टोफेल कुत्झी डी व्हिलियर्सने केपमधल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी गोळा केल्या. त्या त्याच्या मृत्यूनंतर १८९०च्या दशकात छापल्या गेल्या. त्यातली नंबर द्यायची पद्धत एकदम इंजिनियरला आवडेल अशी. मूळ पुरुष 'ए', त्याची मुलं 'बी', नातवंडं 'सी'. 'बी३सी२' म्हणजे तिसऱ्या मुलाचं दुसरं मूल. वा! पण यात एक बग आहे. मुलीची नोंद होते, तिची मुलं मात्र नवऱ्याच्या आडनावाखाली जातात. साडेतीनशे वर्षांच्या अकरा पिढ्या धरा. अकराव्या पायरीला पूर्वजांच्या जागा २०४८. आडनाव आलं त्यातल्या एकाकडून. उरलेल्या २०४७ जणांनी काय घोडं मारलंय?

त्या २०४७ जागांत कोण असू शकतं? केपच्या मळ्यांवर गुलाम राबायचे आणि त्यातले कित्येक बंगाल, मलबार, कोरोमंडलहून नेलेले. आडनावाच्या जागी 'फान बेंगाले', म्हणजे बंगालची. अशीच एक आन्सेला फान बेंगाले १६६६ मध्ये मुक्त झाली, युरोपियन माणसाशी तिने लग्न केलं, आणि आज कित्येक गोऱ्या आफ्रिकानर घरांच्या वंशवृक्षात ती आहे. निर्वासित म्हणून आलेल्या डी व्हिलियर्सांच्या मळ्यांवरही गुलाम होते. हे मगवर छापत नाहीत.

आणि म्हणूनच हा वाद नुसता टाइमपास नाही. एप्रिल १९४८ मध्ये फ्रान्सहूकला ह्युगेनॉट स्मारकाचं थाटात उद्घाटन झालं. पुढच्याच महिन्यात वर्णभेदवाला नॅशनल पक्ष निवडून आला. १९५०च्या कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश लिहिला. त्या रजिस्टरमध्ये डी व्हिलियर्स 'गोरे'ही होते आणि 'कलर्ड'ही. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा पहिला गोरेतर प्रशिक्षक झाला, त्याचं नाव पीटर डी व्हिलियर्स. आडनाव एकच, पण त्याच्या लहानपणी बसायचे बाक वेगळे. तेव्हा सांगा, आडनावाने काय सिद्ध केलं?

आडनाव हा प्रवासाचा लॉग आहे. कुठून निघालो, कुठल्या कारकुनाने काय लिहिलं, कोणाची भाषा गेली, हे त्यातून वाचावं, जरूर वाचावं. त्यातून लायकी काढू नये. आपल्याकडेही कोणी "पूर्ण नाव काय?" विचारतं, आणि उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावर एक हिशोब पूर्ण होतो. तो तुम्ही पाहिलाय. मीही पाहिलाय. खरं सांगायचं तर कधीतरी मीही तो केलाय.

एबी भारी खेळायचा कारण तो नेटमध्ये राबायचा. बाकी तो आपला वाडीकर.

असो. मित्राने मग ऑर्डर केला नाही म्हणे. तेवढं तरी झालं.