अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याआधी

हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा आणि परिसरातील शेतकऱ्यांचे वर्षाचे गणित बऱ्याच अंशी हळदीवर बेतलेले असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. साहजिकच, ही हळद दलालाच्या हाती न देता पाकिटात भरून इंटरनेटवरून थेट परदेशातील ग्राहकाला का विकू नये, असा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. प्रश्न रास्त आहे. मात्र पाकीट आणि ग्राहक यांच्यामध्ये सीमाशुल्काची कागदपत्रे उभी आहेत.

तसे पाहता सरकारने वाट बरीच मोकळी केली आहे. २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू झाली आणि टपालाने निर्यात करताना लागणारे घोषणापत्र संगणकावरून भरण्याची सोय झाली. परंतु हे पत्र भरायचे कसे? मालाचे वर्णन, वजन, किंमत आणि वर्गीकरण क्रमांक यांपैकी एकही गोष्ट चुकली, तर पार्सल अडकते. नेमके हेच काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपविले जात आहे. विक्रेत्याने मराठीत वर्णन लिहावे आणि यंत्राने क्षणार्धात क्रमांक सुचवून अर्ज भरून द्यावा, ही सोय आकर्षक आहे, यात शंका नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेनेही वर्गीकरणासाठी अशा तंत्राचे प्रयोग केले आहेत.

अडचण तपशिलात आहे. जगभर समान असलेल्या सहा अंकी पद्धतीत हळदीचा क्रमांक ०९१०३० आहे. भारतात पुढील दोन अंकांनी ओली हळद, वाळलेली हळद आणि हळद पूड वेगळी होते. त्याच हळदीत दुसरे मसाले मिसळले, तर मिश्रणाचा क्रमांक लागू होऊ शकतो. अर्क काढला, तर माल मसाल्यांच्या प्रकरणाबाहेर जातो. विक्री वाढावी म्हणून कोणी वर्णनात ‘सांधेदुखीवर गुणकारी’ असे लिहिले, तर परदेशातील अधिकारी त्या पाकिटाकडे औषध म्हणून पाहू शकतो. यंत्र लिहिलेले वाचते, पाकीट उघडून पाहत नाही. अमेरिकेत विक्रीसाठी अन्नपदार्थ पाठविताना तेथील अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. ती सूचना यंत्र भरू शकेल, पण पुडीची शुद्धता प्रयोगशाळेतच सिद्ध होते.

कागदाचे महत्त्व आता आणखी वाढले आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद केली. त्याआधी चार दिवस भारतीय टपाल खात्याने तिकडे जाणाऱ्या बहुतेक पार्सलांची नोंदणी थांबविली होती. ती ऑक्टोबरमध्ये पूर्ववत झाली. पूर्वी लहान पाकिटातील चूक खपून जात असे. जेथे प्रत्येक पाकिटावर कर लागतो, तेथे चुकीचा क्रमांक म्हणजे चुकीचा कर.

मग जबाबदारी कोणाची? कायद्यात याचे उत्तर स्पष्ट आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ५० नुसार माहिती अचूक आणि पूर्ण असल्याची खात्री निर्यातदारानेच करायची असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कलम ११४अअ नुसार मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईतील मोठा निर्यातदार यंत्राचे उत्तर आपल्या सीमाशुल्क दलालाकडून तपासून घेईल. कुरुंद्यातील बचत गटाने ते कोणाकडून तपासून घ्यायचे?

म्हणून यंत्र नाकारण्याचे कारण नाही. त्याच्याशेजारी माणूस बसविण्याची गरज आहे. वसमतला हळद संशोधन केंद्र आहे, देशपातळीवर २०२३ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन झाले आहे आणि टपाल खात्याचे जाळे गावोगाव आहे. या तिघांनी मिळून हळदीच्या प्रत्येक प्रकारासाठी मराठी वर्णन आणि तपासलेला क्रमांक यांची यादी प्रसिद्ध केली, तर यंत्राला अंदाज बांधावा लागणार नाही. डाकघरात यंत्राने भरलेला अर्ज वाचून दाखविणारा प्रशिक्षित कर्मचारी असला, तर सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत, हे कळेल. एवढे झाले नाही, तर सोय कंपन्यांची आणि जोखीम शेतकऱ्याची, असाच हा व्यवहार राहील.