गाडीतला वायरलेस तापतो तेव्हा

२०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं आणि ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. ठिकठिकाणी मोबाइलही गप्प झाले. त्यानंतर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गाडीत वायरलेस बसवायचं मनावर घेतलं. जीएमआरएसचं लायसन्स सोपं आहे. परीक्षा नाही, फी ३५ डॉलर, मुदत दहा वर्षं, आणि एकाच्या लायसन्सवर घरचे सगळे बोलू शकतात. नागरिकत्वाचीही अट नाही. तेव्हा सेट आणले गेले, बसवलेही गेले. आता तक्रार एकच येते : "अहो, उन्हाळ्यात सेट हाताला चटका देतो, आणि दहा मिनिटांत समोरच्याला आवाज तुटक जायला लागतो."

याचं कारण साध्या हिशेबात आहे. ५० वॅटचा सेट बोलताना बॅटरीतून अकरा-बारा अँपिअर ओढतो, म्हणजे साधारण १५० वॅट. त्यातले ५० अँटेनातून बाहेर जातात. उरलेले शंभर? ते उष्णता होऊन सेटच्या पोटातच राहतात. जुन्या १०० वॅटच्या बल्बला हात लावून पाहिला असेल त्याला जास्त सांगायला नको. ऐकताना मात्र सेट जेमतेम एखादा अँपिअर खातो. म्हणजे तापवतं ते आपलं बोलणं! (आणि बोलण्यात आपली मंडळी कधी कमी पडली आहेत?) फार तापला की बरेच सेट स्वतःला वाचवायला आपली शक्ती गुपचूप कमी करतात. आवाज तुटतो तो बहुधा त्यामुळे.

म्हणून जागा निवडताना एकच प्रश्न विचारायचा : ही उष्णता जाणार कुठे? सगळ्यांची आवडती जागा म्हणजे सीटखाली. दिसत नाही, सौ.ची तक्रार नाही. पण गालिच्यावर ठेवलेला सेट म्हणजे गोधडीत गुंडाळलेला सेट. शिवाय बऱ्याच गाड्यांत मागच्या लोकांसाठी हीटरची गरम हवा तिथूनच सोडलेली असते, आणि सीटच्या सेन्सरच्या वायरीही तिथेच असतात. ग्लव्ह कंपार्टमेंट त्याहून वाईट, कारण ती बंद पेटी. डॅशबोर्डच्या वर काचेतून थेट ऊन येतं. बाहेर ९५ अंश फॅरनहाइट असताना बंद गाडीत तासाभरात १३० च्या वर जातं, आणि बऱ्याच सेटची कामाची मर्यादा १४० च्या आसपास असते. म्हणजे पहिला शब्द बोलायच्या आधीच सेट काठावर.

पुढचा भाग सुटा निघणारा सेट असेल तर घ्याच. तो छोटा भाग डॅशबोर्डपाशी आणि मुख्य पेटी ट्रंकच्या बाजूच्या भिंतीला. सोबत आलेली लोखंडी पट्टी वापरा. वेलक्रोने चिकटवू नका, कारण पट्टीमुळे चारी बाजूंनी हवा खेळते. पंख्याच्या मागे निदान चार बोटं जागा मोकळी हवी. इंडियन स्टोअरच्या तांदळाच्या पिशव्या त्यावर रेलणार असतील, तर आधी एक लाकडी आड लावून घ्या. भोक पाडण्यापूर्वी मागे एअरबॅग, पेट्रोलची नळी किंवा वायरी नाहीत ना, हे पाहणं आलंच.

वायरही तापते. ५० वॅटचा सेट सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नये. जाड वायर थेट बॅटरीपासून आणा आणि फ्यूज बॅटरीजवळच लावा. ढिल्या जोडात नुसता एक दशांश ओहम रोध असला, तरी दहा अँपिअरला तिथे दहा वॅट जळतात. प्लास्टिक वितळायला तेवढं पुरतं. अँटेना नीट जुळलेली नसेल तर शक्ती परत फिरते आणि सेट आणखी तापतो.

यातला सगळ्यात स्वस्त उपाय कुणी करत नाही : शक्ती कमी ठेवा. कॅम्पला जाताना पुढे-मागे असलेल्या चार गाड्यांना पाच वॅट पुष्कळ. शक्ती दहापट कमी केली म्हणून पल्ला दहापट कमी होत नाही. टाइम-आउट तीन मिनिटांवर लावा, म्हणजे माइकचं बटण सीटमध्ये दबून राहिलं तरी सेट भाजणार नाही.

हे सगळं रविवारच्या हौशीपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. २००५ साली रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टन सोडणाऱ्या गाड्या तासन्‌तास उन्हात अडकल्या. पेट्रोल वाचवायला लोकांनी एसी बंद ठेवले, इंजिनं तापून गाड्या थांबल्या, उष्म्याने माणसं दगावली. वायरलेस लागतो तो अशा वेळी. म्हणून परीक्षा जानेवारीत घेऊ नका. ऑगस्टच्या दुपारी तासभर उन्हात उभ्या गाडीत, काचा उघडून, मित्राशी मोकळ्या चॅनेलवर पूर्ण शक्तीने मिनिटभर बोला, मिनिटभर ऐका, असं दहा मिनिटं करा. मग पेटीला हात लावा. पाच सेकंदही ठेववत नसेल तर जागा बदला.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत वायर कुठे जोडायची, ते पुढच्या अंकात.