रस्ता ज्यांनी बांधला, त्यांनी तो शिकवावाही

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहाव्यात, असा संकेत आहे. वसतिगृहातील पहाटेची घंटा, सामुदायिक वंदना, परीक्षेच्या दिवसांत व्हरांड्यात जागवलेल्या रात्री यांविषयी या अंकात इतरांनी लिहिले असेलच. आम्ही या शाळेतून बाहेर पडून स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळलेले काही जण आहोत. आठवणींऐवजी एक मत मांडण्याची परवानगी आम्ही वाचकांकडे मागतो. आपल्या शाळेतून अभियंते पुष्कळ झाले, त्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु रस्ते आणि महामार्ग यांचे शास्त्र शिकविणारे, त्यात संशोधन करणारे प्राध्यापक आपल्यातून फारच थोडे झाले. ही उणीव भरून काढणे हे पुढील पिढीचे एक महत्त्वाचे कार्य आहे, असे आमचे मत आहे.

सातारा जिल्ह्यातील रस्त्यांचा विषय निघाला की आम्हांला मसूरचे रेल्वे स्थानक आठवते. 1901 साली बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले या स्थानकावर उतरली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांसाठी काढलेल्या तलावाच्या कामावर कॅशियर होते. त्यांच्याकडे ही मुले निघाली होती. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी, आपण बाजूने पायी चालू, या अटीवर एक जण तयार झाला. रात्री टोलनाक्यावर मुलांनी पाणी मागितले, तेही मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात नोंदवून ठेवला आहे. तो वाचताना आपले लक्ष स्वाभाविकपणे तहानलेल्या मुलांकडे जाते. आम्ही त्या रस्त्याकडेही पाहावे असे सुचवितो. रस्ता सार्वजनिक होता, त्यावर टोल घेतला जात होता. तरीही तो सर्वांचा नव्हता.

तो रस्ता कोणाच्या हातांनी झाला असेल, हे आपल्याला कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. 1972 च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांत खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामे निघाली, तेव्हा आपल्या आज्या आणि आया तेथे हजेरीवर होत्या. पुढे 1977 च्या कायद्याने रोजगार हमी योजनेला आधार मिळाला आणि मागेल त्याला काम हा हक्क झाला. आमच्यापैकी एकाच्या आजीच्या उजव्या डोळ्याखाली खडीचा कपचा लागल्याची खूण अखेरपर्यंत होती. कोणता दगड हातोड्याखाली चौकोनी फुटतो आणि कोणता पापुद्र्यासारखा चपटा निघतो, हे ती स्पर्शाने सांगत असे. पुढे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी त्या नातवाला प्रयोगशाळेत हेच शिकावे लागले: चपटी खडी रोलरखाली मोडते, म्हणून तिचे प्रमाण मर्यादेत ठेवावे लागते. आजीला जे ठाऊक होते, ते पुस्तकात होते. पुस्तकावर मात्र तिच्यासारख्या कोणाचेही नाव नव्हते.

आमचे म्हणणे येथून सुरू होते. रस्त्यावर घाम आपला आणि रस्त्याची विद्या दुसऱ्याची, ही वाटणी आता संपली पाहिजे.

ही विद्या आपल्या देशात कशी उभी राहिली, तेही पाहण्यासारखे आहे. ज्या 1927 साली महाडला सार्वजनिक पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, त्याच वर्षी मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या रस्ते विकासासाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील अधिभाराचा रस्ते निधी आला, 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस ही तांत्रिक संस्था स्थापन झाली, आणि रस्त्यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था असावी हा विचार रुजला; 1952 साली दिल्लीस सेंट्रल रोड रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली. 1943 च्या नागपूर परिषदेत राष्ट्रीय महामार्गांपासून ग्रामीण रस्त्यांपर्यंतची वर्गवारी ठरली. रस्त्याची जाडी किती, खडी कोणती, मोरी कोठे, हे सांगणाऱ्या संहिता आजही इंडियन रोड्स काँग्रेसच्या समित्यांत ठरतात, आणि त्या समित्यांवर शासकीय अभियंत्यांच्या शेजारी प्राध्यापक व संशोधक बसतात. गावाचा रस्ता कसा होईल हे ग्रामसभेत ठरते, असे आपण मानतो. परंतु त्याचा मोठा भाग त्या समितीच्या टेबलावर आधीच ठरलेला असतो. तेथे आपली माणसे असावीत की नसावीत?

हे शास्त्र आपल्या मातीपासून दूरचे नाही. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजण्यासाठी ती साच्यात ठोकून चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग 50 मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या तिच्यात दाबतात. मूळ कल्पना अशी, की चांगल्या खडीच्या तुलनेत ही माती किती टक्के भार पेलते ते पाहावे. काळ्या मातीचे उत्तर अनेकदा दोन-तीन टक्के इतकेच येते. अशा मातीत चुना मिसळावा, की मुरमाचा थर द्यावा, की तिची साखर कारखान्याच्या भट्टीतील राखेशी जोड घालून पाहावी? या प्रश्नांची उत्तरे सांगली आणि साताऱ्याच्या मातीवरच शोधावी लागतील. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत येथील रस्ते दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले. पूर ओसरल्यावर त्यांवर जड वाहतूक कधी सोडावी, हाही संशोधनाचाच विषय आहे.

दुसरे उदाहरण वाहनांच्या भाराचे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी सतत फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती सुमारे सोळापट होते. आपल्याकडे 2018 साली चार चाकांच्या एकेरी आसावरील कायदेशीर भार 10.2 टनांवरून 11.5 टन करण्यात आला. वाढ सुमारे तेरा टक्क्यांची दिसते, परंतु याच हिशेबाने झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून निघालेले ट्रॅक्टर आपण रोज पाहतो. दिवाळीनंतर नवा झालेला गावचा रस्ता होळीपर्यंत का उखडतो, याचे उत्तर केवळ ‘कंत्राटदाराने खाल्ले’ एवढेच नसते. खाल्ले असेलही, पण किती खाल्ले आणि किती चुकले, हे वेगळे करून सांगणारा माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे प्राध्यापक. अनेक सार्वजनिक कामांची त्रयस्थ तपासणी अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे येते आणि तेथील अध्यापकाची सही ही जनतेच्या बाजूने असलेली अखेरची राखण ठरते. आमच्यापैकी एकाने ज्या महाविद्यालयात पदवी घेतली, तेथे मातीच्या चाचणीचे यंत्र कापडाखाली झाकलेले असे आणि मुले मागील वर्षाच्या जर्नलमधून आकडे उतरवीत. त्या वेळी आम्हांला ती सोय वाटली. आज वाटते, की खोटा आकडा लिहिण्याची पहिली सवय आम्हांला तेथेच लागली. खड्ड्यामुळे दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या मृत्यूची सुरुवात कधी कधी अशा जर्नलच्या पानावर झालेली असते. आपल्या शाळेने आम्हांला खरे बोलण्याचे शील दिले. ते प्रयोगशाळेत टिकविणे हीच या व्यवसायातील खरी कसोटी आहे.

पालकांचा आक्षेप आम्ही जाणतो, आणि तो चुकीचा आहे असे म्हणणार नाही. प्राध्यापकाच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, तरुण तासिका तत्त्वावर अल्प मानधनात राबतात, पीएच.डी. होईपर्यंत वयाची तिशी उजाडते. घरी बहिणीचे लग्न आणि भावाचे शिक्षण थांबलेले असते. उलट संगणकाची पदवी घेतलेला मुलगा पुण्याला जाऊन दुसऱ्याच महिन्यात घरी पैसे पाठवू लागतो. हे सर्व खरे आहे, आणि उच्च शिक्षणाच्या अध्यापक वर्गात अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधित्व अद्याप अपुरे आहे, हेही खरे आहे. परंतु या दोन गोष्टी एकमेकींना पोसतात. आपण जात नाही म्हणून आपण नाही. आपण नाही म्हणून जाणाऱ्याला वाट दाखविणारा कोणी नाही.

वाट नाही असे मात्र नाही. सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947 पासून आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून आपल्या दाराशी उभे आहे. मिरज आणि कऱ्हाड येथील शासकीय तंत्रनिकेतनांतून पदविका घेऊनही पदवीला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळतो. गेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास एम.टेक.साठी दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. पुढे संशोधनासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राच्या आणि बार्टीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, परदेशी शिक्षणासाठीही योजना आहेत. माहिती वेळेवर न पोहोचल्याने संधी जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

म्हणून आमची मागणी तीन गोष्टींची आहे. शाळेच्या विज्ञान कक्षात चाळण्यांचा एक संच, एक वजनकाटा आणि मातीचे काही साचे असावेत, आणि नववीच्या मुलांनी आपल्या गावच्या रस्त्याची माती व खडी स्वतः तपासून खरा आकडा वहीत लिहावा. साहित्याचा खर्च आम्ही उचलू. दुसरे, स्थापत्य शाखेत गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला गेटच्या तयारीपासून पीएच.डी.च्या नोंदणीपर्यंत मार्गदर्शन करणारा एक गट असावा. तिसरे, संशोधनाकडे वळलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरची निकड भागविण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक निधी उभारावा. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला मिळते. घराला कोणी द्यायचे, हा प्रश्न आपल्यालाच सोडवावा लागेल.

ज्या मुलीच्या आजीने रोजगार हमीवर खडी फोडली, ती मुलगी एक दिवस वर्गात फळ्यापुढे उभी राहून खडीची ताकद कशी मोजतात हे शिकवील. तिच्या सहीशिवाय या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही रस्त्याचे देयक निघणार नाही. ही आमची अपेक्षा आहे, आणि ती फार मोठी आहे असे आम्हांला वाटत नाही.