कॅमेरा : हौसेचा आणि हप्त्याचा

नवरात्र संपले की घरोघर दिवाळीच्या याद्या निघतात. यंदा पहिली यादी माझ्या हाती पडली ती वडीगोद्रीला, सोलापूर-धुळे महामार्गावरच्या एका चहाच्या टपरीवर. माझा एक जुना विद्यार्थी तिथे भेटला. त्याच्या यादीत एकच वस्तू होती, कॅमेरा. आणि तिच्यापुढे आकडा होता 4 लाख रुपये! लाखभर वडिलांच्या मोसंबीचे, बाकीचे 3 लाख कर्जाऊ. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होणार. त्याआधी कॅमेरा हातात हवा.

"सर, घेऊ ना?"

मी मराठी शिकवतो. पण स्नेहसंमेलनाचे फोटो वर्षानुवर्षे मीच काढत आलो असल्यामुळे या विषयातही मला गती आहे, असा विद्यार्थ्यांचा समज आहे. आमच्या घरी वडिलांचा आगफा क्लिक थ्री होता. एका रोलात 12 फोटो, आणि वडील तेही मुंजीला 4, सहलीला 4 असे वाटून काढीत. त्या कॅमेऱ्यावर माझी आजही माया आहे. पण त्याच्या जोरावर कोणी लग्नाची ऑर्डर घेतली नसती.

फरक आहे तो इथेच. घरच्या माणसांचे फोटो काढायला हल्ली खिशातला फोन पुरतो. मुलाला खरी हौस असेल तर लेन्ससह 50-60 हजारांच्या आसपास नवशिक्याचा चांगला कॅमेरा येतो. धंद्याच्या कॅमेऱ्याचे नुसते धडच 2 लाखांच्या पुढे जाते. एवढे पैसे कशाचे? फोटो सुंदर येण्याचे, असे दुकानदार सांगतो. खरे तर ते पैसे फोटो न चुकण्याचे असतात. अंतरपाट एकदाच दूर होतो. "नवरदेव, पुन्हा एकदा" म्हणायची सोय नाही. म्हणून अशा कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात आणि दोन्हींवर एकच फोटो उतरतो. एक बिघडले तर दुसरे शाबूत. प्रकाश टिपणारा सेन्सरही मोठा, 36 बाय 24 मिलिमीटरचा; नवशिक्याच्या कॅमेऱ्यातल्याच्या सव्वादोन पटींहून अधिक. गोरज मुहूर्तावर मांडवात अंधारून येते तेव्हा तो उपयोगी पडतो.

पण अंधाराला आणखी एक उतारा आहे, तो म्हणजे लेन्स. कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स लांबवली की तिचे तोंड आवळत जाते. त्याऐवजी 10 ते 20 हजारांत मिळणारी 50 मिलिमीटरची, एफ 1.8 ची लेन्स लावली, तर कितीतरी पट अधिक प्रकाश आत येतो. मी त्याला हेच सांगितले : धड लहान घे, लेन्स चांगली घे, आणि लग्नापुरता मोठा कॅमेरा भाड्याने आण.

"पण सर, फाळके?"

बी.ए.ला मीच शिकवलेले माझ्यावर उलटले! दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 10 हजार उभे केले, 1912 साली लंडनला जाऊन 50 पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, हे खरेच. पण त्याआधी ते जे. जे.त शिकले होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, गोध्ऱ्याला त्यांनी फोटोचा धंदा केला होता, छपाईही केली होती. आणि कॅमेरा आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी राजा हरिश्चंद्र उभा केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ टिपली, आणि मिनिटाभराची ती फिल्म भांडवलदारांना दाखवली. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला तो 3 मे 1913 रोजी.

"तुझा वाटाणा कुठाय?" मी विचारले. त्याने फोन काढून पोळ्याचे फोटो दाखवले. बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणारा त्याच्या आजोबांचा हात मी बराच वेळ पाहत राहिलो. इतका चांगला फोटो मला वीस वर्षांत जमलेला नाही, हे मी त्याला सांगितले नाही. सांगायला हवे होते.

तेवढ्यात त्याचे वडील आले. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला : 3 लाख, 12 टक्के व्याज, 3 वर्षे, महिना हप्ता जवळजवळ 10 हजार. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"सर, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं बंद. मग चातुर्मासात हप्ता थांबतो का हो?"

हप्त्याला चातुर्मास नसतो, हे मुलालाही ठाऊक होते. तो खाली पाहू लागला. मला वाईट वाटले. कारण हौस खोटी नव्हती आणि हातही खोटा नव्हता.

त्याने शेवटी काय ठरवले, ते अजून मला कळवलेले नाही. मात्र तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी त्याच्या मामेबहिणीचे लग्न आहे. पत्रिका आली आहे, आणि तिच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे : "सर, तुमची पन्नासची लेन्स आणाल का?"