काळ्या कातळाची साक्ष

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे आपल्या लेखी अढळपणाचे प्रतीक. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्ह्यातून घडला, तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. हा 'अढळ' डोंगर हजारो किलोमीटरचा प्रवास करून येथे आला आहे.

खंडे सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात, एवढ्यावर तो थांबला नाही. ग्लॉसॉप्टेरिस या एकाच वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळही ते होते. ओडिशातल्या तालचेरच्या खडकांत तर हिमनद्यांच्या खुणा आहेत. उष्ण प्रदेशात बर्फ आला कोठून?

वेगेनरची थट्टा झाली. ही कथा सांगताना आपण त्याला हुतात्मा आणि विरोधकांना मूर्ख ठरवून मोकळे होतो. हा न्याय नव्हे. खंडांना ढकलणारे बळ कोणते, हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता. वेगेनरने सुचवलेली बले फारच दुबळी आहेत, हे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवले. येथे चूक वेगेनरचीच होती.

विरोधकांची चूक पुढची. कारण सापडत नाही म्हणून त्यांनी पुरावाच बाजूला सारला. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला. निकाल लागायला आणखी तीन दशके जावी लागली.

त्या निकालात आपल्या कातळानेही साक्ष दिली. लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजांचे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. त्या दिशेच्या कलावरून खडक कोणत्या अक्षांशावर घडला ते कळते. १९५०च्या दशकात दख्खनचे दगड तपासले गेले आणि त्यांनी दक्षिण गोलार्धाचा पत्ता सांगितला. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. सागरतळच पसरतो, हे स्पष्ट होत गेले आणि अडलेली वाट मोकळी झाली.

आपली मुले 'खंडवहन म्हणजे काय?' याचे उत्तर पाठ करतात. त्यांना एकदा घाटात नेऊन तो दगड हातात द्यावा. 'असे का होते ते ठाऊक नाही' आणि 'असे होतच नाही' या दोन वाक्यांतला फरक त्यांना कळला, तर भूगोलाचा तास सार्थकी लागला म्हणायचे.