बाशिंग हे बांडगूळ नव्हे

पावसाची पहिली झड येऊन गेली की डिचोली-पेडण्याकडील जुन्या आंब्या-फणसांच्या खोडांवर लांब हिरवी पाने डोलू लागतात. त्यांसच आपण बाशिंग किंवा वांदरबाशिंग म्हणतो. नाव लग्नातील बाशिंगाचे. परंतु नशिबी मान क्वचित आणि कोयता वारंवार! ‘हे बांडगूळ झाड खाऊन टाकील’ असे म्हणून कित्येकजण ते खरवडून काढतात. हा समज चुकीचा आहे, असे आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे.

बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत घुसवून तिच्यातील रस शोषते. बाशिंग हा नेचा आहे. त्याची मुळे सालीला केवळ धरून राहतात. मग तो जगतो कशावर? त्यास दोन प्रकारची पाने असतात. खालची आखूड पाने लवकरच तपकिरी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा, धूळ व पावसाचे पाणी साचते, कुजते आणि त्याचेच खत मुळांस मिळते. वरची हिरवी पाने अन्न तयार करतात व पाठीवर बीजाणू धरतात. लिनीयसने १७५३ साली या नेच्यास ‘ओकसारख्या पानांचा’ अशा अर्थाचे नाव दिले.

किडक्या फांदीवर त्याचा भार झाला तर ती मोडू शकते, हे खरे. परंतु तेवढ्यासाठी धडधाकट झाडावरील बाशिंगही उपटणे हा न्याय नव्हे.

ज्यांस ते घरी वाढवावयाचे असेल त्यांनी जिवंत झाडावरून ओढून आणू नये. पावसाळ्यात वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवर ते आयते मिळते. त्याचे लवेने झाकलेले जाड आडवे खोड नारळाच्या सोडणावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर सुंभाने बांधावे. मातीत पुरू नये, पुरल्यास ते कुजते. जागा सावलीची, पण उजेडाची व वाऱ्याची असावी. खत म्हणून मूठभर कुजलेला पाला पुरे. पावसाळा संपल्यावर सोडण सुकेल तसे पाणी शिंपडावे. पानांच्या पाठीवरील तपकिरी ठिपके हा रोग नव्हे. ते बीजाणूंचे पुंजके होत.

उन्हाळ्यात हिरवी पाने झडतात. तेव्हा झाड मेले समजून फेकून देऊ नये. पावसासरशी ते पुन्हा फुटते. आणि वाळलेली तपकिरी पाने तर मुळीच कापू नयेत. दिसावयास निरुपयोगी अशी ती पानेच साऱ्या झाडास पोसतात. ती कापणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणे होय.

पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावर विमानतळासाठी हजारो झाडे तोडली गेली; २०२२ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले. विमानतळ हवा की नको, हा वाद थोरांचा. परंतु एक जुने झाड पडते तेव्हा त्याच्या अंगाखांद्यावरील कितीतरी बिऱ्हाडे उठतात, हे आम्हां मुलांसही दिसते. सोडणावरील बाशिंग घराची शोभा वाढवील. जंगलाची भरपाई ते करू शकणार नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, एक बाशिंग घरी अवश्य जोपासा; पण परसातील आंब्यावरचे बाशिंग आंब्यावरच राहू द्या, आणि कोयता घेऊन निघालेल्या वडीलधाऱ्यांना आदराने सांगा, की हा चोर नव्हे, आपली शिदोरी घेऊन आलेला पाहुणा आहे.